मापांच्या वहीतली एकतीस पुस्तकं

आधी माझ्याकडे नीट बघा, मित्रांनो. हिरव्या कापडाची पाठ, कोपऱ्यांवर झिजलेला पुठ्ठा, आणि पुठ्ठ्यावर पुट्टीचा एक पांढरा डाग, दगडासारखा घट्ट झालेला. मी एक जुनी वही आहे, हे कुणीही सांगेल. पण कशाची वही, हे ओळखताना भलेभले चुकतात. पहिलं पान उघडणाऱ्याला वाटतं, ही खिडक्यांची वही. मध्येच कुठे उघडली तर वाटतं, ही कुणा आजाऱ्याची वही. आणि शेवटून चाळणारा म्हणतो, ही तर पुस्तकांची वही दिसते. तिघांचंही बरोबर आहे. कसं, ते सांगते.

एका बांधणी कारखान्यात माझी पानं कापली गेली, दोऱ्याने शिवली गेली आणि डिंकाने पाठीला चिकटली. पानं चौकटीची होती, पुठ्ठा जाड होता. दुकानात आले तेव्हा माझ्या बरोबरीच्या रेघी वह्या भराभर शाळेत निघून गेल्या. मी मागच्या फळीवर तशीच पडून राहिले. चौकटी हव्या असणाऱ्याला पुठ्ठा नको असे, पुठ्ठा हवा असणाऱ्याला चौकटी नको असत. दीड वर्षाने एक माणूस आला. हाताच्या बोटांना बारीक बारीक चिरा, समोर मोठ्या खिशाचा एप्रन. त्याने मला उलटून पालटून पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाला, "हीच द्या. मला रेघा मारत बसायला वेळ नसतो."

तो खिडक्यांना काचा बसवणारा होता. सगळे त्याला काचवाला म्हणत. मी त्याच्या एप्रनच्या खिशात राहायला गेले. घरं, शाळा, दवाखाने, दुकानं, कुठे कुठे म्हणून फिरले नाही मी. तो प्रत्येक खिडकी तीनदा मोजायचा. वर, मध्ये आणि खाली. एका घरमालकाने विचारलं, "तीनदा कशाला? चौकोनच आहे ना?" तेव्हा काचवाला म्हणाला, "खिडकी कधीच सरळ नसते, साहेब. आपण तिला सरळ समजतो." मग सगळ्यात छोटं माप तो माझ्यात लिहायचा आणि शेजारी एखादा शब्द. 'डावीकडे झुकलेली.' 'खाली फुगलेली.' 'नीट, पण ओल आहे.' कंत्राटदार आपसांत म्हणायचे की काचवाल्याच्या वहीत आलं म्हणजे झालं, पुन्हा बघायला नको. वहीची छाती फुगते ती फक्त ओल लागल्यावर, तरी हे ऐकून मला बरं वाटायचं.

पुढे कारखान्यातून काचेसकट तयार खिडक्या येऊ लागल्या. काचवाल्याची नजरही मंद झाली. एका दुपारी त्याने दुकानाचं शटर खाली ओढलं आणि काच कापायचा हिरा, पक्कड, लांब पट्टी आणि मी, असे आम्ही सगळे एका लोखंडी ट्रंकेत गेलो. माझी निम्म्याहून अधिक पानं कोरी होती. ट्रंकेत दिवस मोजता येत नाहीत. कसर मात्र मोजता येते. तिने माझा एक कोपरा खाल्ला. अशी अकरा वर्षं गेली.

त्या अकरा वर्षांत बाहेर काय घडलं, ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. काचवाल्याच्या मुलाने आपल्या पसंतीने लग्न केलं आणि झाल्यावर फोन करून सांगितलं. काचवाला "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. बायको होती तोवर तिने दोन्हीकडची बाजू सांभाळून घेतली. दोन वर्षांनी ती गेली. मुलगा जहाजावर इंजिनियर, वर्षातले सात महिने पाण्यावर. घरात उरले दोघं, सासरा आणि सून. त्यांचं भांडण नव्हतं. भांडायलाही बोलावं लागतं. ती संध्याकाळी एका दातांच्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर काम करायची आणि जाण्याआधी ताट झाकून ठेवायची. तो जेवायचा आणि भिंतीला सांगितल्यासारखं म्हणायचा, "मीठ कमी आहे." दुसऱ्या दिवशी मीठ बरोबर असायचं. सात वर्षं त्या घराचा गाडा असा चालला होता.

मग काचवाल्याची मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून तीनदा, सकाळी सात ते अकरा, इस्पितळात जाऊन यंत्रातून रक्त धुवून घ्यायचं, असं ठरलं. डॉक्टर म्हणाले, "रोजचं वजन लिहायचं. प्यालेलं पाणी लिहायचं. एक लिटरच्या वर एक घोट नाही." घरी आल्यावर काचवाल्याने ट्रंक उघडली आणि मला बाहेर काढलं. फुंकर मारली. शेवटच्या खिडकीनंतर एक पान सोडलं आणि लिहिलं: 'आधी ६१.४. नंतर ५९.१. पाणी ९००.' मला उजेड सोसेना, पण अक्षर ओळखीचं होतं.

इस्पितळातल्या त्या खोलीत आठ खाटा होत्या आणि प्रत्येक खाटेशी एक यंत्र. डाव्या हातात दोन सुया गेल्या की चार तास तो हात हलवायचा नाही. काचवाला छताकडे बघत पडायचा. सून शेजारच्या स्टुलावर बसायची. पहिले तीन आठवडे दोघांत एकूण बारा शब्द झाले असतील, त्यातले आठ "पांघरूण" आणि "रिक्षा" यांच्यावर गेले. चौथ्या आठवड्यात तिने वाचनालयातून एक पुस्तक आणलं आणि आपलं आपण वाचू लागली. वाचता वाचता ती एकदम हसली. तोंडावर हात धरला, पण हसू निसटलंच.

काचवाल्याने मान वळवली. "काय झालं?"

"काही नाही, बाबा. पुस्तकात आहे."

"पुस्तकात काय आहे?"

ती थोडी गोंधळली. मग म्हणाली, "एक विहिरी खणणारा आहे. त्याला सगळ्या गावाच्या जमिनीखालचं पाणी कळतं, पण घरात बायकोने लपवलेला गूळ सापडत नाही."

काचवाला उशीवर नीट टेकला. "पहिल्यापासून वाच," तो म्हणाला.

मित्रांनो, असं ते सुरू झालं. ते पुस्तक पाच सकाळींत संपलं. संपल्यावर काचवाल्याने उजव्या हाताने मला ओढलं आणि वजनाच्या खाली लिहिलं: 'विहिरीवाल्याचं पुस्तक. पाने १८४. आरपार दिसतं. मध्ये दोन बुडबुडे.' पुस्तकांची नावं त्याच्या लक्षात राहत नसत, म्हणून तो आपलीच नावं द्यायचा. खरं नाव आणि लेखक ती खाली बारीक अक्षरात लिहायची. मत मात्र त्याचं. एका जाडजूड कादंबरीपुढे त्याने लिहिलं, 'काच जाड, उजेड कमी.' एका आत्मचरित्रापुढे, 'कडा घासलेल्या नाहीत, हाताला लागतं. पण खरं आहे.' ते वाचून तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. तिलाही अगदी तेच वाटलं होतं, पण तिला ते असं मांडता आलं नसतं.

शेजारच्या खाटेवर एक निवृत्त पोस्टमास्तर असायचे. मध्ये पडदा. एक दिवस पडद्यापलीकडून आवाज आला, "बाई, माफ करा, पण हा 'तो' म्हणजे कोण? जावई की दिवाण? मी सोमवारी उशिरा आलो, सुरुवात चुकली."

"जावई," सून म्हणाली.

"तरीच. दिवाण इतका मूर्ख नसणार. जरा मोठ्याने वाचता का?"

काचवाला पुटपुटला, "फुकट ऐकतात आणि वर मोठ्याने पाहिजे." पण उजवा हात लांब करून त्याने पडदा स्वतःच बाजूला सारला.

तेव्हापासून दोघांचं जमलंही आणि बिनसलंही. पोस्टमास्तरांना प्रेमकथा आवडायच्या. काचवाल्याच्या मते त्या दोन मिलिमीटरच्या काचा होत्या, वाऱ्यानेही तडकतील अशा. "तुम्ही प्रेम कधी केलंत का हो?" पोस्टमास्तर विचारायचे. "खिडक्या बसवल्या मी," काचवाला म्हणायचा. सिस्टर सुया काढताना हसायच्या. माझ्यात कितीतरी जागी लिहिलेलं आहे, 'पोस्टमास्तरांचं मत वेगळं.'

पाचव्या महिन्यात मात्र गाडं अडलं. दोन आठवडे काचवाल्याच्या पायांत असे गोळे येत होते की तो दात आवळून पडायचा. रक्तदाब खाली जायचा, डोळ्यांपुढे अंधारी यायची. एका सोमवारी सकाळी साडेसहाला रिक्षा दारात उभी होती आणि तो भिंतीकडे तोंड करून पडलेला होता. मी खिडकीच्या कट्ट्यावर होते, सगळं बघत होते.

"बाबा, उशीर होतोय."

"मी येत नाही. पुरे झालं आता."

"आजच्या दिवस?"

"कधीच नाही. मुलाला कळव. तू तुझं कर्तव्य केलंस, तुला कुणी बोल लावणार नाही."

ती दारात उभी राहिली. मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर रागावेल. तिने बाहेर जाऊन रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं, परत आली आणि स्टूल ओढून खाटेपाशी बसली. त्या आठवड्यात एका नावाड्याची कादंबरी चालू होती. नदीला पूर आलेला, नावेत अकरा माणसं, आणि पान दोनशे बारावर वल्हं मोडलेलं. शनिवारी तिथे वेळ संपली होती.

भिंतीकडे तोंड ठेवूनच काचवाल्याने विचारलं, "त्या नावाड्याचं काय होतं शेवटी?"

"माहीत नाही."

"सांग की. दोन दिवस पुस्तक घरातच आहे. वाचलं असशीलच."

"नाही वाचलं, बाबा. मी पुढे वाचत नाही."

"का?"

"आपलं एकत्र वाचायचं ठरलंय ना."

असं कुणी कधी ठरवलं नव्हतं. माझ्यात तरी त्याची नोंद नाही. पण तिच्या तोंडून 'आपलं' हा शब्द इतक्या सहज निघाला की तिचं तिलाच कळलं नाही. काचवाल्याला कळलं. तो हळूहळू कुशीवर वळला. दोन दिवस त्या नावेतल्या अकरा माणसांना तिनेही तसंच पुरात सोडून दिलं होतं, केवळ त्याच्यासाठी, हे त्याच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. मग तो उठून बसला आणि पायांनी चपला चाचपू लागला.

"डॉक्टरांना पायांत गोळे येतात ते सांगायला हवं," तो म्हणाला. "मी त्यांना नीट सांगितलंच नाही."

"मी सांगते."

"मी सांगतो. तू वही घे."

डॉक्टरांनी यंत्राचा वेग कमी केला, औषध बदललं, आणि गोळे बरेच कमी झाले. त्या दिवशीच्या माझ्या पानावर वजनाची नोंद नाही. घाईत राहून गेली. 'नावाड्याचं' एवढं लिहिलेलं आहे आणि खाली, 'दहा वाचले.'

आठव्या महिन्यात पोस्टमास्तरांची खाट रिकामी दिसली. एकदा, मग दुसऱ्यांदा. सिस्टरांनी सांगितलं की त्यांचं हृदय आता हे सोसत नाही, घरच्यांनी त्यांना घरीच ठेवायचं ठरवलं आहे. सुनेने पुस्तक उघडलं तसा काचवाल्याने हात वर केला.

"किती पानं राहिली?"

"बावीस."

"मिटून ठेव. रविवारी जाऊ."

"कुठे?"

"त्यांच्याकडे. अर्ध्यावर टाकून कसं चालेल?"

अकरा वर्षांत तो कुणाच्या घरी गेला नव्हता. पोस्टमास्तर दुसऱ्या मजल्यावर राहायचे. प्रत्येक वळणावर काचवाला कठड्याला धरून उभा राहिला, आणि मी तिच्या पिशवीत असले तरी त्याचा दम मला ऐकू येत होता. पोस्टमास्तरांच्या पत्नीने दार उघडलं. कोण आलं ते तिला कळेना. काचवाला म्हणाला, "आम्ही शेजारच्या खाटेवरचे."

एका दीपगृहाच्या रखवालदाराचं ते पुस्तक होतं. पोस्टमास्तर उशांना टेकून डोळे मिटून पडले होते. सुनेने वाचायला सुरुवात केली. मधेच त्यांना झोप लागली असं वाटून ती थांबली, तर ते म्हणाले, "थांबलात का?" बावीस पानांना पाऊण तास लागला. शेवटचं वाक्य झालं. पोस्टमास्तरांनी डोळे न उघडताच विचारलं, "दिवा लागला ना वेळेवर?"

"लागला," काचवाला म्हणाला.

"मग ठीक."

निघताना काचवाल्याने त्यांच्या हातावर हात ठेवला. दोन म्हाताऱ्यांचे हात, दोन्हींवर सुयांच्या खुणा. गुरुवारी बातमी आली. त्या पुस्तकापुढे काचवाल्याने स्वतःचं मत लिहिलं नाही. लिहिलं ते एवढंच: 'शेवटची बावीस पाने पोस्टमास्तरांच्या घरी. ते म्हणाले, ठीक.' त्या ओळीखाली त्याने पट्टी धरून एक रेघ ओढली, जशी पूर्वी एखाद्या इमारतीचं काम पुरं झालं की ओढायचा.

दहाव्या महिन्यात सुनेच्या आईच्या पायाचं हाड मोडलं. तिला दोन आठवडे माहेरी जावं लागलं. "रिक्षावाल्याला सांगून ठेवलंय, सिस्टरांना सांगितलंय, ताटाचं शेजारच्या काकूंना सांगितलंय," ती म्हणाली. काचवाला म्हणाला, "मी लहान आहे का?" पण ती गेली त्या दिवशी घर त्याला खायला उठलं, हे मी पाहिलं. तो दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला आणि परत आला.

इस्पितळात पहिल्या सकाळी खोली फारच शांत होती. पोस्टमास्तरांच्या खाटेवर आता एक प्रौढ शिक्षिका असायची, नुकतीच आलेली, घाबरलेली, सुई बघितली की डोळे मिटून घेणारी. ती म्हणाली, "आज वाचन नाही का? त्या आवाजात माझे दोन तास बरे जातात." दुसऱ्या वेळी काचवाला भिंग घेऊन आला. चालू असलेल्या पुस्तकाला त्याने हात लावला नाही. ते तिच्या खुणेसकट घरी ठेवलं आणि वाचनालयात स्वतः जाऊन मोठ्या टायपातलं एक छोटं पुस्तक आणलं, पक्षी मोजणाऱ्या एका बाईचं. उजव्या हातात भिंग, मांडीवर पुस्तक, आणि पान उलटायला सिस्टर. तो अडखळत वाचायचा. ओळ सुटायची, परत यायची. पहिल्या दिवशी सहा पानं झाली. पण शिक्षिकेने सुई टोचताना डोळे मिटले नाहीत. ती काचवाल्याकडे बघत होती, आता कोणत्या शब्दावर अडतो म्हणून.

पुस्तक संपल्यावर त्याने लिहिलं: 'पक्षीवाल्या बाईचं. पाने ६४. वाचलं मी. दोन वेळा ओळ चुकली. घसा दुखतो. चार-चार तास कसं वाचते कोण जाणे.'

सून परत आली तेव्हा तिने ते वाचलं. पदराने पुठ्ठ्यावरची धूळ पुसली. पुठ्ठ्यावर धूळ नव्हतीच.

वर्ष भरलं त्या सकाळी सिस्टरांनी विचारलं, "किती झाली हो पुस्तकं?" काचवाल्याने मला पहिल्यापासून उलटायला सुरुवात केली. बोटाने एकेक मोजत गेला. एकतीस. मग तो पक्षीवाल्या बाईपाशी थांबला आणि बराच वेळ थांबला. त्या एका नोंदीत 'वाचलं मी' असं होतं. बाकीच्या तीस नोंदींत तारीख होती, पानं होती, बुडबुडे आणि तडे होते, पोस्टमास्तरांचं वेगळं मत होतं. वाचलं कुणी, ते कुठेच नव्हतं. जणू ती पुस्तकं आपली आपणच वाचली गेली होती.

त्याने पेन मागितलं. टोपण दातांनी काढलं. पेन कागदावर टेकवलं आणि थांबला.

"ऐक," तो म्हणाला, "तुझ्या नावातली वेलांटी पहिली की दुसरी?"

सून स्टुलावर सरळ झाली. लग्न होऊन आता दहा वर्षं होत आली होती. तिला "ऐकलंस का" म्हणून हाक मारली गेली होती, "तिला सांग" म्हणून निरोप गेले होते, आणि पुष्कळदा नुसता घसा खाकरला गेला होता. तिचं नाव त्या माणसाच्या तोंडून कधी निघालं नव्हतं, मग हाताने लिहिलं जाणं दूरच.

"दुसरी, बाबा," ती म्हणाली.

"दुसरी," तो म्हणाला. "विचारलेलं बरं. नाव चुकायला नको."

मग त्याने पहिल्या पुस्तकापुढे लिहिलं, 'वाचलं', आणि तिचं नाव. दुसऱ्यापुढे लिहिलं. तिसऱ्यापुढे. काही ठिकाणी जागा नव्हती, तिथे समासात उभं लिहिलं. हात दुखला की थांबायचा, पुन्हा लिहायचा. अकरा वाजले, यंत्र थांबलं, सुया निघाल्या, तरी आठ राहिलीच होती. सिस्टर म्हणाल्या, "पुढच्या वेळी लिहा, आजोबा." तो म्हणाला, "पाच मिनिटं द्या." आणि शिक्षिकेसकट सगळी खोली पाच मिनिटं थांबली.

मित्रांनो, माझी पानं त्या दिवशी संपली. आता चौकटीची दुसरी वही इस्पितळात जाते आणि मी घरी खिडकीपाशी असते. तुम्हीही वाचता, आणि तुमच्यातले काही जण वाचलेल्या पुस्तकांची नोंदही ठेवत असतील. जरूर ठेवा. वही कसलीही चालेल, ट्रंकेतली, अर्धी भरलेली, कसर लागलेली. किती पुस्तकं झाली ते लिहा, आवडलं नाही तर तेही लिहा. आणि एखादं पुस्तक तुम्हाला कुणी वाचून दाखवलं असेल, कुणी आणून दिलं असेल, कुणी तुमच्यासाठी अर्ध्यावर थांबून राहिलं असेल, तर त्यांचंही नाव तिथेच लिहा. वर्ष भरायची वाट बघू नका. आणि वेलांटीची शंका आली, तर विचारा.